कानाची पाळी

शंकूच्या टोकाचा पंच खालून हळूहळू वर चढत होता. पत्र्यातलं इवलंसं गोल भोक रुंदावत होतं, त्याची कड ताणत होती. नवनीतची नजर त्या कडेवर. पहिली चीर आरपार गेली की त्याच क्षणी यंत्र थांबवायचं, आणि भोक किती रुंदावलं ते मोजायचं. तेवढा ताण सोसला, तरच तो पत्रा गाडीला लागायचा.

बटण दाबून त्यानं मान वर केली. दारात माय उभी होती. पदर कपाळावर खाली ओढलेला.

ती कशाला आली, हे त्याला ठाऊक होतं. आबा चिंचपाड्याच्या दवाखान्यात होते. चार दिवस घरचा फोन त्यानं उचलला नव्हता. आबांशी, बापाशी, तर घर सोडल्यापासून अकरा वर्षं तो बोलला नव्हता.

"मी येवाव नही, माय."

"तुन्हं काम व्हऊ दे," भिकुबाई म्हणाली. "मी बसस."

जोडीदार तौहिदनं तिला स्टूल दिलं. "मावशी, गाडी रस्त्यात फाटू नये म्हणून आम्ही पत्रा इथंच फाडून बघतो. फाडायचाच पगार मिळतो आम्हाला." तो हसला. ती हसली नाही. "नवनीतचे मामा बाहेर रिक्षात बसलेत. चहा पाठवू?"

"नको रे भाऊ."

नवनीतनं दुसरा तुकडा लावला. पत्रा तोच, पंच तोच. पण भोक जरा रुंदावतं न रुंदावतं तोच हा फाटला.

"यो लवकर काब्र फाटना?"

"पत्रा चांगला शे. भोक पाडताना कड दुखावनी व्हती. जठे दुखनं, तठेच फाटस." बोलता बोलता त्याची नजर तिच्या उजव्या कानावर गेली. पाळी खालपर्यंत चिरलेली, दोन पाकळ्यांसारखी. तिच्या कानातली बाळी आपणच हिसकली, हे आबांनी त्याला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तेव्हा तो चार वर्षांचा होता. "ज्या मानूसनी तुन्हा कान फाडा, त्याले मी भेटू?"

भिकुबाई यंत्राकडे बघत राहिली.

"त्यासनी नही फाडा. तू फाडा."

नवनीतनं हातातला तुकडा खाली ठेवला.

"मांडीवर दूध पी ऱ्हायना व्हता. बोट बाळीमा अडकनं, तू हिसका दिन्हा. चार वरीसना व्हयना तवय शेजारीननी तुले चिडावं, 'तूच फाडा रे मायना कान.' आठ दिन तू मन्हाजोडे उना नही. घास खाधा नही. मंग त्यासनी तुले मांडीवर लिन्हं नि सांगं, मीच ओढी बाळी. माले म्हनेत, पोऱ्या बापवर रागावना ते रागावू दे. सोतावर रागावना ते तो कोठे जाई?"

तौहिदनं पुढे होऊन यंत्र बंद केलं.

नवनीतनं हातमोजे ओरबाडून काढले. "चाल माय, ऊठ. आत्तेच जाऊत. मी त्यासना पाय धरसू." तो दारापर्यंत गेला, वळला. ती स्टुलावरून उठली नव्हती. "इतला वरीस मग सांगं का नही तू?"

"त्यासनी शप्पत व्हती रे भाऊ," भिकुबाई म्हणाली. "मी जित्ता शे तवलोंग पोऱ्याले सांगो नको, म्हनेत."