एकतीस तारखेचा भाग

सातवा, म्हणजे शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा झुंबरबाई पिशवी मांडीवर घेऊनच टीव्हीसमोर बसल्या होत्या. पिशवीत दोन लुगडी, गोळ्यांचा डबा आणि स्वतःचं ताट. थोरल्या धर्मराजकडे एक महिना, मग ओट्यावरूनच पलीकडच्या दारात, धाकट्या हरिओमकडे एक महिना, ही त्यांची पाळी अख्ख्या टेंभुर्णीला पाठ होती. आज जुलैची एकतीस.

पडद्यावर अंतराळयान होतं. ही मालिका पंधरा वर्षं चालू होती, हिंदीतून बोलायची आणि झुंबरबाईंना तिची गोडी थोरल्या सुनेमुळे, सुरेखामुळे लागली होती. सध्या तिच्यात आठवड्याला एक अशी सात भागांची गोष्ट चालू होती; पहिल्याच भागात यानातल्या लोकांनी हवा पुरत नाही म्हणून म्हाताऱ्या डॉक्टरणीला एका ओसाड ग्रहावर उतरवलं होतं. परत येतो म्हणाले होते. येतात की नाही, ते आज कळणार होतं.

बाहेर ओट्यावर दोघे भाऊ उभे होते.

"तीस दिवस झाले. घिऊन जाय," धर्मराज म्हणाला.

"पाळी एक तारखेला बदलती."

"जानेवारी, मार्च, मे, जुलै. चारी एकतीसचे माझ्याच वाट्याला. तुला फेब्रुवारी. वर्षाला तीन दिवस जास्तीचे पडतेत मला. सहा वर्षाचे अठरा."

"सतरा," हरिओम म्हणाला. "मधी एक फेब्रुवारी एकोणतीसचा आल्ता."

मागचं काही लक्षात ठेवत नाही अशी ज्याची ख्याती, त्या हरिओमला एवढं बरोबर आठवलं.

"भाऊ, तुझं बिलकुल त्या आतल्या मालिकेवानी हाय," तो पुढे म्हणाला. "कवाचं कुठं नेऊन जोडून राह्यला. आधी मागचे सहा भाग बघा, मंग सातवा कळन. मी असलं बघतच न्हाई. माझ्याकडं ह्याच मालिकेचे जुने, सुटे भाग लागतेत. चाळीस मिनिटात भांडण सुरू, चाळीस मिनिटात खतम. दुसऱ्या दिवशी समदे हसून राह्यले."

"हसणारच. मायच्या डोळ्याचं ऑपरेशन मी करतो म्हणाल्तास, ते कोणत्या भागात व्हतं?"

हरिओमने मोबाइल काढून पाहिला. त्यात काही आलेलं नव्हतं.

"जरा हळू बोला रे," आतून झुंबरबाई म्हणाल्या. डोळ्यामुळे त्या टीव्हीपासून हातभरावर बसल्या होत्या. "ऐकू येईना."

हरिओम दारात आला. "माय, आजचा दिस इथंच काढ. उद्या ये. माझ्याकडंबी दुपारी हेच लागतं की."

"तुझ्याकडं कुठलंबी लागतं. मागल्या पाळीला ती डॉक्टरीण यानातच बसेल दिसली. च्या पिऊन राह्यली व्हती. मला वाटलं, आणलं बाई तिला. तर ते जुनं निघालं."

धर्मराज आत आला. त्याने आईच्या मांडीवरची पिशवी उचलली. झुंबरबाईंनी पडद्यावरून नजर न काढता ती सोडली. त्याने पिशवी हरिओमच्या बाजूच्या ओट्यावर नेऊन ठेवली. हरिओमने ती पायाने अलीकडे सरकवली. धर्मराजने पलीकडे. हरिओमने अलीकडे. प्रत्येक वेळी आतलं ताट वाजत होतं.

"आत्याबाई, यान आलं," सुरेखा म्हणाली.

यान खरंच आलं होतं. दार उघडलं. डॉक्टरीण दगडावर बसलेली होती, ती उठली. जिन्यावर यानातली माणसं उभी होती. एक म्हणाला, माझ्या खोलीत जागा नाही. दुसरा म्हणाला, हवेतला माझा वाटा मी मागच्या वेळी दिला, आता याने द्यावा. डॉक्टरीण एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली.

झुंबरबाईंनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"अजून सहा मिनिटं राह्यले की," सुरेखा म्हणाली.

झुंबरबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. भिंतीला धरून बाहेर आल्या. पिशवी दोन्ही दारांच्या बरोबर मध्ये पडली होती. त्या तिच्याशेजारी ओट्यावर बसल्या. ताट बाहेर काढून त्यांनी पदराने पुसलं, पोचा पडला आहे का ते बोटाने चाचपलं आणि परत आत ठेवलं.

असलं कधीच न बघणाऱ्या हरिओमला राहवलं नाही.

"मंग? नेलं का तिला?"

धर्मराजनेही मान वळवली.

"न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "बसेलच हाय अजून."