जुन्या पंपाचा कनेक्टर

“हे? हे कधीच बंद झालं,” म्हणत स्पेअरपार्टवाल्याने तो फुटका तुकडा काउंटरवरून बोटाने परत ढकलला. “कंपनी बनवत नाही, मी ठेवत नाही. विषय संपला.”

ड्रायव्हरने तुकडा पुन्हा मुठीत घेतला. गल्लीतलं हे शेवटचं दुकान. अंगठ्याएवढा तो प्लास्टिकचा कनेक्टर, आत चार पिना, मागे वायरींची शेपटी. पण डिझेल पंपाला करंट जातो तो यातूनच. तो नाही तर ट्रक म्हणजे नुसतं लोखंड. आणि फोडला कुणी? यानेच! गाडी आचके द्यायला लागली तेव्हा लॉक दाबून काढायचं सोडून, घाईघाईत वायर धरून हिसडा मारला. मग वायरी थेट पिनांना पिळून, चिकटपट्टी गुंडाळून पाहिली. पहिल्याच खड्ड्यात सगळं निसटलं. भंगारातही जाऊन आला होता. तिथे तांब्यासाठी सगळ्या वायरी आधीच ओरबाडून नेलेल्या.

खिशातला फोन वाजला. बायको होती.

“मिळालं का?”

“बघतोय.”

“अहो, अजून बघतच आहात? पिल्लं माना टाकायला लागलीत. पुठ्ठ्याने वारा घालून घालून माझे हात गळून गेले. ट्रकच्या मागे नुसती भट्टी झालीय!”

खोक्यांमधली ती कोंबडीची पिल्लं कालच अंड्यातून निघालेली. गाडी चालती असली की वारा लागायचा, थांबली की संपलंच. नवरा-बायकोने सगळा जन्म दुसऱ्यांचा माल वाहिला होता. हा पहिला माल त्यांचा स्वतःचा. घरामागची शेड रिकामी वाट बघत होती.

दुकानदाराला त्याचा चेहरा बघून काय वाटलं कोण जाणे. “पाण्याच्या टाकीमागे एक म्हातारा राहतो,” तो म्हणाला. “असलाच ट्रक आहे त्याच्याकडे. पण देईलसं वाटत नाही. रोज सकाळी सुरू करून बसतो.”

“नेतो कुठे?”

“कुठे नाही. नुसता बसतो.”

पुढचं ऐकायला ड्रायव्हर थांबलाच नाही.

टाकीमागच्या अंगणात ट्रक उभा होता. चाकांभोवती गुडघाभर गवत, काच मात्र लख्ख. म्हातारा सावलीत स्टुलावर बसलेला. ड्रायव्हरने धापा टाकतच सगळं सांगितलं. दोरीवर कपडे वाळत घालणारी सून मध्येच म्हणाली, “न्या हो, कनेक्टर कशाला, अख्खा ट्रकच न्या! रोज सकाळी घरभर धूर. एकदा धुतलेले कपडे मी परत धुवायचे!”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुकडा हातात घेऊन त्याने उलटसुलट केला.

“वायर धरून ओढलंस.”

“हो काका.”

“गाढव आहेस.”

“हो काका.”

“माल काय आहे?”

“कोंबडीची पिल्लं.”

“जिवंत?”

“आत्तापर्यंत तरी.”

म्हातारा उठला. ड्रायव्हरला वाटलं, आता बॉनेट उघडेल. पण तो दाराला धरून कसाबसा केबिनमध्ये चढला आणि त्याने चावी फिरवली. ट्रकने एकदा खोकून आवाज धरला.

“काका, आता सुरू कशाला करताय?”

म्हातारा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. हलकेच रेस वाढवली, सोडली, पुन्हा वाढवली. धूर कपड्यांवर गेला. सून ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली.

ड्रायव्हरच्या खिशात फोन वाजत होता. उचलायची त्याची हिंमत झाली नाही. पाय एका जागी ठरेनात. हा माणूस आपल्या पिल्लांच्या जिवावर ट्रकचे लाड करत बसलाय, असं वाटून त्याला संताप आला आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. शेवटी मात्र तो ओरडलाच, “काका, मरतील हो सगळी!”

इंजिन थांबलं.

म्हाताऱ्याने खाली उतरून बॉनेट उघडलं. अंगठ्याने लॉक दाबलं, कनेक्टर लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. मग पकडीने त्याने आपल्याच ट्रकच्या वायरी कापल्या. “शेपटी लांब ठेवलीय. रंगाला रंग जोड. आणि परत ओढू नकोस.”

“काका, मी हे कसं—”

“पळ आधी!”

तो पळाला. वायरी सोलल्या, रंगाला रंग जोडला. ट्रक सुरू झाला, रस्त्याला लागला, मागे वारा शिरला. काही खोकी गप्पच होती. बाकीच्यांतून हळूहळू चिवचिवाट सुरू झाला आणि इतका वेळ धीराने राहिलेल्या बायकोला रडू फुटलं.

रस्ता टाकीमागूनच जात होता. फाटक उघडं होतं. म्हातारा पुन्हा केबिनमध्ये चढून बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. जाता जाता ड्रायव्हरने छोटासा हॉर्न दिला.

ते अंगण मागे पडलं, आणि मागून उत्तर आलं. म्हाताऱ्याच्या ट्रकचा पंप बंद पडला तरी बॅटरी शाबूत होती. लांबलचक हॉर्न, मागची गाडी पुढे जायला वाट मागते तेव्हा देते तसा.

ड्रायव्हरने वेग कमी केला. गाडी कडेला घेतली आणि हात बाहेर काढून ‘जा पुढे’ अशी खूण केली.

बायकोने डोळे पुसत आरशात पाहिलं. “अहो, मागे तर कुणीच नाही. साईड कुणाला देताय?”