दहापैकी चार

आमच्या पेपरचे क्रीडा संपादक प्रत्येक मॅचनंतर खेळाडूंना दहापैकी गुण देतात. काल आपली टीम हरली आणि शेवटची शिट्टी वाजायच्या आतच साहेबांचा मजकूर माझ्या टेबलावर आला.

आपल्या कॅप्टनने पेनल्टी आभाळात मारली होती. त्याला सात: "नशिबाने साथ दिली नाही."

परदेशी स्ट्रायकरला चार: "अंगचोर. नव्वद मिनिटं नुसता हिंडला. पैसा मिळाला की झालं, या लोकांना आपल्या मातीशी काय देणंघेणं?"

सकाळी क्लबच्या मॅनेजरचा फोन आला, तो मीच घेतला. "अहो, परवा सरावात पाय मोडलाय त्याचा. प्लास्टर घालून घरी पडलाय. काल मैदानात उतरलाच नाही तो."

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी चहा बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चुकलंच आपलं. उद्या दुरुस्ती छापू."

मला बरं वाटलं. चूक सुधारायला साहेब कधी लाजत नाहीत. दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली:


"मॅचला दांडी मारल्यामुळे परदेशी स्ट्रायकरचे गुण चारऐवजी दोन असे वाचावेत."