मधली खिडकी

पहिली वीट निघाली तशी शहजादीनं डोळे गच्च मिटले. हे जागेपणी चाललंय यावर तिचा विश्वासच बसेना. ही खिडकी तिला आजवर फक्त स्वप्नात उघडी दिसायची.

बेगमपुऱ्यातली जुनी घरं मूळची होती तशी दुरुस्त करायचं काम निघालं होतं. पाठीला पाठ लावून उभी घरं, तोंडं मात्र वेगवेगळ्या गल्ल्यांना. म्हणून मधल्या भिंतीत बायकांपुरती एक खिडकी. रस्त्यावर पाऊल न टाकता हिची डाळ तिकडं, तिची लेकरं इकडं. शहजादीचा तर अख्खा दिवस पलीकडच्या सदफकडं जायचा. मग शहजादी बाळंतपणाला बिडकीनला माहेरी गेली. परतली तर खिडकीच्या जागी कोरी भिंत.

"त्यांनीच बुजवली," तिचा नवरा मुबारक म्हणाला.

शहजादी पण मोठी मानी! "बुजवली तर बुजवली. मी नाय जायची विचारायला." त्या वेळचं लेकरू आता कॉलेजात जातं. झोपेत मात्र ती रोज त्या खिडकीतून जायची. पलीकडं कांदा तळल्याचा वास यायचा, आणि सदफ मान वर न करताच म्हणायची, "बस."

दुरुस्तीवाल्यांना मुबारकनं रंग, दारं, सगळं कबूल केलं. या भिंतीपाशी मात्र अडून बसला. शेवटी शहजादीच म्हणाली, "फोडा." तिला सदफशी एकदा कडकडून भांडायचं होतं. खरं तर भांडायचंही नव्हतं.

विटा निघाल्या. मागं जुनं लाकडी दार तसंच होतं. ते पलीकडून उघडलं. सदफ उभी होती, केस पिकलेली.

"का गं बुजवलीस?" दोघींनी एकदमच विचारलं.

मग दोघींनी मुबारककडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"तू दिवसभर तिकडंच असायचीस," तो पुटपुटला. "कामावरून आलो की घर खायला उठायचं मला."

शहजादीला लई राग आला. केवढी वर्षं गेली होती तिची! तिनं ओढणी सावरली आणि पलीकडं निघून गेली.

संध्याकाळ झाली. पलीकडून दोघींचं हसणं, मधेच रडणं ऐकू येत होतं. मुबारक अंधारात तसाच बसून होता. त्या खिडकीतून आजवर एकही पुरुष कधी गेला नव्हता.

"अहो," शहजादीची हाक आली, "एकटे काय बसलात? सदफ बोलवतेय, या इकडं. वाकावं लागंल, पण या."