गंगाबाईंचे गुडघे

“या आकड्यांतून या एका बाईंना वगळलं तर?” नितीननं विचारलं.

डॉ. वासुकींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तंजावूरच्या त्या संशोधन केंद्रात आठवडाभर बातमीदारांची रीघ लागली होती, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“तर दोन गटांत फरक फारसा उरत नाही,” त्या म्हणाल्या.

गुडघेदुखीवरच्या नव्या गोळीची बातमी सगळ्यांनी छापली होती. नितीनच्या तमिळ दैनिकालाही ती हवी होती. पण विज्ञानाचं पान त्याच्याकडे होतं, आणि किती माणसांवर, कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय तो ओळ लिहीत नसे.

या खेपेला प्रश्न घरातलाही होता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. बातमी वाचल्यापासून ती अडून बसली होती. “गोळीनं भागत असेल तर चिरफाड कशाला? तू शोधून सांग. तू सांगशील तसं करते.”

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. साठ माणसं होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे शेवटपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. व्यायाम मात्र सगळ्यांना सारखाच शिकवला होता. खऱ्या गोळीवाल्यांना जास्त गुण आला. त्यातही सगळ्यात मोठा गुण तिरुवैयारूच्या गंगाबाईंना.

“त्यांना खरी गोळी होती, हे नक्की?”

“नक्की. तुम्ही स्वतःच जाऊन बघा ना.”

नितीननं मनापासून आभार मानले. इतकं सरळ बोलणारं माणूस त्याला क्वचितच भेटे.

तिरुवैयारूला तो बसमधून उतरला, तर गंगाबाई त्याला न्यायला थांब्यावर आलेल्या. सत्तरीच्या, तंजावुरी मराठी घरातल्या, नऊवारी नेसलेल्या. गल्लीतून त्या अशा भरभर चालत होत्या की त्यालाच पावलं उचलावी लागली.

घराच्या ओट्यावर त्यांचे यजमान बाळकृष्णराव वेताच्या खुर्चीत बसले होते.

“उठत नाही हो, राग मानू नका,” ते म्हणाले आणि बसूनच हात जोडले.

गंगाबाईंनी कॉफी आणली. जमिनीवर मांडी घालून बसल्या, आणि बोलता बोलता साखर आणायला उठल्या. ना भिंतीचा आधार, ना हाताचा टेकू.

“पुन्हा एकदा उठून दाखवता, आजी?”

त्या हसल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या.

“दुसरं काही औषध? तेल, काढा?”

“काही नाही रे बाबा.”

“गोळ्या चुकवल्या नाहीत ना कधी?”

“रिकामी पाकिटं केंद्रातले लोक तपासून घ्यायचे. एकसुद्धा उरली नाही कधी.”

बाळकृष्णराव कॉफीचा घोट घेत रस्त्याकडे बघत राहिले.

“पूर्वी कावेरी बसच्या खिडकीतून दिसायची, तेवढीच,” गंगाबाई सांगू लागल्या. “आता पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहते. ती व्यायाम शिकवणारी पोर यायची ना, माझे पाय मांडीवर घेऊन बसायची. पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं केलं. संध्याकाळी दिवा लावताना सगळ्यांचं नाव घेते मी.”

नितीनची शंका फिटली. त्यानं ओट्यावरूनच आईला फोन लावला.

“ऑपरेशन थांबवू, आई. माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

पलीकडून आई म्हणाली, “त्या बाईंना माझा नमस्कार सांग.”

त्यानं तो सांगितला आणि स्वतःही वाकून केला. गंगाबाई त्याला थांब्यापर्यंत सोडायला निघाल्या. लांबून बस येताना दिसली.

“उद्या गोळीची बातमी येईल, आजी. तुमच्यामुळे किती लोकांचं भलं होईल.”

“गोळीचं कशाला? त्या पोरीचं नाव घाल. व्यायाम तिनं शिकवला.”

“व्यायाम सगळ्यांनीच केला, आजी. तुम्हाला गुण आला तो गोळीनं.”

गंगाबाई थबकल्या. मागे वळून घराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

“डॉक्टरीणबाईंना सांगू नको हं, बाबा. ह्यांचं दुखणं माझ्याहून मोठं, पण वय जास्त म्हणून ह्यांना घेतलं नाही त्यात. एवढं चांगलं औषध एकटीनं कसं खायचं? माझ्या सगळ्या गोळ्या ह्यांनाच दिल्या. एक दिवस चुकवला नाही त्यांनी.”