बोरपांगरीचा थांबा

"नव्या मार्गाने गाडी शहरात तासभर लवकर पोचेल. प्रत्येक सीटला चार्जिंग, शिवाय गरम जेवण," रेल्वेचे साहेब बोरपांगरीच्या शाळेत जमलेल्या गावकऱ्यांना सांगत होते.

सुरेखा तायडे उठली. तिचा नवरा आठवड्यातून दोनदा याच गाडीने डायलिसिसला जायचा. आजही जायचं होतं; तो तिच्या शेजारीच बसला होता. "गाडी आमच्याकडे येणारच नाही, तर जेवण कोणाला वाढता?"

"तुम्हाला बस आहे ना, ताई," म्हणत साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांनाही याच गाडीने परतायचं होतं.

सुरेखाने दाराला कडी घातली आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "मग आज सगळेच बसने जाऊ."

साहेब ओरडले, मग विनवू लागले. कोणीही तिला बाजूला केलं नाही. गाडी आली आणि निघून गेली.

तीन बस बदलाव्या लागल्या. पहिल्याच बसमध्ये तिने नवऱ्याला साहेबांशेजारी बसवलं. दुसरीत तो खिडकीबाहेर ओकला. तिसरीत त्याची मान साहेबांच्या खांद्यावर कलंडली. साहेब हलले नाहीत.

"बसने नेहमीच एवढा वेळ लागतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"साडेपाच तास," सुरेखा म्हणाली. "लिहा तुमच्या अहवालात."