कुरकुरणारी खुर्ची

"ही नेऊ नका," सर हळूच म्हणाले. "दिसते चांगली, पण डावीकडे कलते."

नव्यानं आलेल्या संशोधक जोडप्यानं झुलत्या खुर्चीवरचा हात काढून घेतला आणि शेजारचं टेबल पसंत केलं. सरांनी त्या टेबलाची इतकी तारीफ केली, की बिचारे जाताना गरज नसलेली एक बादलीही घेऊन गेले.

विद्यापीठाच्या परिवार मंडळाची ही खोली. शिक्षण संपवून परत जाणारे विद्यार्थी आपला संसार इथे सोडून जात आणि लांबून आलेले नवे तो फुकट उचलून नेत. पातेली, गाद्या, टेबललॅम्प, बाबागाड्या. मंडळातली माणसं आळीपाळीनं खोली सांभाळत. सर मात्र रोज येत. ते भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जन्मभर दगडांच्या सहवासात राहिल्यामुळे डगमगत्या स्टुलाशीही आदरानं वागत. फुकट मिळणारी खुर्ची नको म्हणायला लावणारा जगातला हा एकमेव स्वयंसेवक असावा, असं मंडळात सगळे हसून म्हणत.

खरं म्हणजे सर सेवेला आलेच नव्हते. बायको गेल्यावर मुलीनं घर आवरलं आणि आईची झुलती खुर्ची मंडळाला देऊन टाकली. ती समोर असेल तोवर बाबा तिच्याकडेच बघत बसणार, असं तिचं म्हणणं. सरांनी फोनवर तिच्याशी भांडण केलं आणि खुर्ची परत आणायला निघाले. खोलीच्या दारात ग्रंथपालबाई उभ्या होत्या. वाचनालयातून निवृत्त झालेल्या, आता या खोलीच्या सर्वेसर्वा. सरांनी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या की बरं झालं आलात, या गादीची ती बाजू धरा. सरांनी धरली. गादीमागून कपाट आलं, कपाटामागून चहा. खुर्चीचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग बाईंनी खोलीची किल्लीच त्यांच्या हातात ठेवली. आता किल्ली सांभाळणाऱ्यानं खुर्ची मागायची कुठल्या तोंडानं?

मग निदान ती दुसऱ्या कुणी नेऊ नये, एवढं सर बघू लागले. गिऱ्हाईक बदलेल तसा खुर्चीचा आजार बदलायचा. कधी पाय निखळलेला, कधी वाळवीचा संशय. एका धडधाकट मुलाला तर त्यांनी पाठीच्या मणक्याची भीती घातली. बाई टेबलाशी बसून कपबशा पुसत राहायच्या. मध्ये कधी पडल्या नाहीत.

उलट त्यांनी सरांना मंडळाच्या बाकी उद्योगांतही ओढलं. शनिवारच्या समूहगायनात सर मागच्या रांगेत उभे राहून नुसते ओठ हलवत. सहलीला नेलं तर वाटेतला दिसेल तो खडक दाखवायला बस थांबवत. लोक वैतागत, आणि पुढच्या सहलीला त्यांना आठवणीनं बोलावत.

दुपारी खोलीत कुणी नसलं, की सर त्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसत. खुर्चीत मात्र कधी बसले नाहीत. बायको सकाळी त्या खुर्चीत झुलत पेपर वाचायची, म्हणजे पेपराशी भांडायची, आणि समोर बसून हं म्हणणं हे सरांचं काम होतं.

एकदा एक तरुण आई आली. मागे नवरा पिशव्या घेऊन. कडेवरच्या तान्ह्या बाळानं फाटकापासून भोकाड पसरलेलं. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि कुणाला न विचारता त्या खुर्चीत बसून घेतलं. दोनचार झोके झाले असतील नसतील, बाळ गप्प झालं.

सर लगबगीनं पुढे आले. कललेली बाजू सांगून झाली. वाळवी सांगून झाली. त्या आईच्या चेहऱ्यावरची रेषा हलेना. सर शेवटी खरं तेच बोलले.

"ती कुरकुरते हो. सकाळ-संध्याकाळ."

"असू दे, काका," बाळावरची नजर न काढता ती म्हणाली. "हाही तेच करतो. एकमेकांना सोबत होईल."

सर समोरच्या स्टुलावर टेकले. मग म्हणाले, "हं."

खुर्ची त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. म्हणजे एक बाजू तिच्या नवऱ्याला दिली, पण जिन्यात प्रत्येक वळणावर त्याला ओरडत राहिले. वरच्या मजल्यावरच्या तिच्या छोट्या घरात खिडकीपाशी त्यांनी ती ठेवली, उजेड कुठल्या बाजूनं यायला हवा ते सांगितलं, आणि निघताना बजावलं की काही झालं तरी हिला तेल घालायचं नाही.

परत आले तेव्हा खोलीत बाई एकट्याच होत्या. खुर्चीच्या जागी फरशीवर धूळ न बसलेला एक चौकोन उरला होता. सर त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आपण सेवेबिवेला आलो नव्हतो, ती खुर्ची आपल्या बायकोची, ती न्यायला आलो होतो आणि इतके दिवस तिच्यासाठीच येत होतो. आता ती गेली. तेव्हा उद्यापासून येणार नाही.

बाईंनी थर्मासमधला चहा कपात ओतला.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तुम्ही इथे पोचायच्या आधी तुमच्या मुलीचा फोन आला होता. आई गेल्यापासून बाबा आज पहिल्यांदा घराबाहेर पडलेत, खुर्ची मागतील, लगेच देऊन टाका म्हणाली."

सर त्यांच्याकडे वळले. "मग दिली का नाहीत?"

बाईंनी कप त्यांच्यापुढे सरकवला.

"दिली असती, तर तुम्ही दोघंही घरी जाऊन बसला असतात."